कार्डावरची खूण

"डोकं घट्ट धरा सिस्टर. अजिबात हलू देऊ नका," काझी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ओवीच्या उजव्या डोळ्याच्या पापण्या उघड्या ठेवायला तारेचा बारीक चिमटा बसवला.

मी दोन्ही तळव्यांत ते डोकं धरलं. दीड महिन्याचं लेकरू, केवढंसं डोकं असणार? टाळू फुगून वर आलेली, अंग पांढरंफटक. डोळ्यात नुसता थेंब टाकला तरी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेणारी पोरं मी रोज बघत होते. ही आपली बारीक आवाजात कण्हत होती, तेवढंच. तिची आई कालिंदा दाराबाहेर उभी होती. तिला आत येऊ नको म्हणून मीच सांगितलं होतं.

मी तेव्हा बोरजळ्याच्या आरोग्य केंद्रात नर्स होते. त्या दिवशी सकाळी नऊला कालिंदा आणि तिचा नवरा भागवत पोरीला घेऊन धावत आले. रात्रीपासून दूध ओढत नाही म्हणाले. बोलता बोलता माझ्यासमोरच बाकावर पोरीला झटका आला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली पोर ती. मी अँब्युलन्स काढायला लावली, स्वतः बरोबर बसले आणि दोन तासांत सिव्हिलला आणलं. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी, होळंबे सरांनी, डोक्याचा फोटो काढला तर मेंदूत रक्तस्राव. मग डोळ्यांच्या आत बघायला काझी मॅडमना बोलावलं.

मॅडम डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून बराच वेळ बघत राहिल्या. एक डोळा झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिला. मग दिवा बंद केला.

"दोन्ही पडद्यांवर रक्त आहे. एकदोन ठिपके असते तर वेगळं. हे अगदी कडेपर्यंत पसरलंय."

"जन्माच्या वेळचं असेल का मॅडम? येताना दाब बसतो ना डोक्यावर."

"ते पंधरा-वीस दिवसांत विरतं, फार तर महिन्यात. हे ताजं आहे." त्यांनी चिमटा काढला, पोरीच्या गालावरून बोट फिरवलं. "लहान मुलांच्या पडद्यावर रक्त यायला पुष्कळ कारणं असतात. रक्त गोठत नसेल, जंतुसंसर्ग असेल, रक्ताचा एखादा आजार असेल. आणि एक कारण असं आहे की ते विचारताना माझी जीभ अडखळते. या बाळाला कुणी जोरात हलवलंय का? म्हणजे धरून गदागदा?"

एक श्वास घेण्याइतकाही वेळ मी घेतला नाही.

"गयाबाई," मी म्हणाले.

गयाबाई कोण ते सांगते. बोरजळ्यात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई, ओवीलाही तीच घालायची. वय तेव्हा पासष्टीच्या पुढे. मी त्या गावात बदलून आले तेव्हा बाळंतपणंसुद्धा तीच करायची. मी येऊन ती बंद पाडली. गोडीगुलाबीनं नाही हं, भांडून! घरोघर जाऊन बायकांना म्हणायचे, "गयाबाईचं ऐकू नका, लसीच्या कार्डावर काय लिहिलंय ते बघा. कार्ड म्हणेल ते खरं." तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. चारचौघींत तिला म्हणाले होते, "तुमच्या हातात कात्री दिली ना, की मला पोलिसांना बोलवावंसं वाटतं." सगळ्या खो खो हसल्या. गयाबाईसुद्धा हसली. तेव्हापासून तिच्याकडे फक्त न्हाऊ घालणं उरलं होतं.

ते न्हाऊ घालणंही मला बघवायचं नाही. पाय लांब करून त्यावर लेकरू उताणं घ्यायची, तेलानं रगडायची, ते ठीक. पण शेवटी दोन्ही पाय एका हातात धरून बाळाला उलटं लोंबकळवायची आणि तीन झोके द्यायची. अंग मोकळं होतं म्हणे! हे वाईटच, आजही सांगते, कुणीही करू नये. पण गावात चाळीस वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक माणसानं ते तीन झोके खाल्ले होते. मी मॅडमना झोक्यांचं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. मनातून मला, देवा शप्पथ, बरं वाटत होतं. शेवटी माझंच खरं निघालं ना!

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "डोळ्यातलं रक्त कुणाचं नाव सांगत नाही सिस्टर. आधी बाकीची कारणं तपासू." पण मी हे होळंबे सरांनाही जाऊन सांगितलं, आणि सरांना नियम होता. असा संशय आला की पोलिसांना कळवायचं. त्यांनी कळवलं.

मग सर ओवीच्या खाटेपाशी आले. "जन्मल्यावर व्हिटॅमिन केची सुई दिलीय ना हिला?"

"म्हणजे काय सर! आमच्याकडून एकसुद्धा बाळ त्या सुईशिवाय घरी जात नाही."

ही सुई म्हणजे काय, तर रक्त गोठायला जे लागतं ते बाळ पोटातून फारसं घेऊन येत नाही, आईच्या दुधातही ते थोडंच असतं. जन्मल्याबरोबर मांडीत एक सुई टोचली की विषय संपला. नाही टोचली, तर बहुतेकांना काही होत नाही. पण हजारोंत एखादं लेकरू महिना-दोन महिन्यांनी आतल्या आत वाहायला लागतं, मेंदूत, डोळ्यात, कुठेही.

कालिंदानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून लसीचं कार्ड काढून सरांना दिलं. देवाच्या फोटोसारखं जपलेलं कार्ड, कोपराही दुमडलेला नव्हता. सरांनी उघडलं. मीही वाकून बघितलं. पोलिओ, बीसीजी, के. तिन्हीपुढं निळ्या शाईत बरोबरची खूण. माझ्या हातची.

ती निळी शाई बघितली आणि मला ओवी जन्मली तो दिवस आठवला.

त्या दिवशी आमच्याकडे तीन बाळंतपणं झाली होती. केच्या कुप्या ट्रेमध्ये दोनच उरल्या होत्या. कालिंदा तिसरी. स्टोअरची किल्ली औषधवाल्या सरांकडे, ते तालुक्याला मीटिंगला. म्हटलं, उद्या सकाळी देऊ, एका रात्रीनं काय होतंय? आता माझी कामाची एक पद्धत होती. पाळी संपताना दिवसभराची सगळी कार्डं टेबलावर ओळीनं मांडायची आणि एका दमात खुणा करत जायच्या. सगळ्यांचा पोलिओ, सगळ्यांचं बीसीजी, सगळ्यांचं के. एक एक कार्ड भरत बसलं की तास जातो. त्या दिवशीही तशाच केल्या. उद्या द्यायचीच आहे, तर खूण आज काय आणि उद्या काय! आणि दुसऱ्या दिवशी माझी रजा होती, पुतण्याचं लग्न. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मी विसरलेच. दुसऱ्या सिस्टरनं कार्ड बघितलं, खूण दिसली, कालिंदाला घरी सोडलं.

"दिलंय," सर म्हणाले आणि कार्ड मिटलं. "मग ते कारण नाही."

मी तोंड उघडायला हवं होतं. वाक्य केवढंसं होतं! सर, ती खूण चुकीची आहे. पण माझी पंधरा वर्षांची नोकरी, ते 'आदर्श परिचारिका'चं प्रमाणपत्र, कालिंदाचा माझ्यावरचा विश्वास, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि शेजारीच भागवत हात जोडून उभा होता. म्हणत होता, "सिस्टर हैत म्हणून आमी निवांत हाओत साहेब. त्येंच्याबिगर आम्हाला काय कळतंय?"

मी कार्ड कालिंदाच्या पिशवीत परत ठेवलं.

दुपारी तीनच्या सुमाराला बघितलं, तर जिथून रक्त काढलं होतं तिथला कापूस लाल झालेला. बदलला. पुन्हा लाल. मला ठाऊक होतं काय चाललंय, त्या अख्ख्या इमारतीत एकटीला ठाऊक होतं. मी सरांना गाठलं.

"सर, केची एक सुई पुन्हा देऊन टाकूया का? नुकसान तर काही नाही."

"दिलेली आहे ना?"

"दिलीय हो. पण आमच्याकडे उन्हाळ्यात माल कसा येतो तुम्हाला माहीत आहे. कुपी खराब असली तर?"

बघा, कशी हुशारी! लेकरू वाचवायचं आणि स्वतःलाही वाचवायचं. सर थोडा विचार करून म्हणाले, "बरं, देऊन टाका." ती सुई मी स्वतः सलाईनमधून हळूहळू सोडली. सोडताना मनात म्हणत होते, देवा, हिला वाचव, मग मी सगळं सांगते. संध्याकाळपर्यंत कापूस कोरडा राहायला लागला. पोर डोळे उघडून आईकडे बघायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. आणि देवाला दिलेला शब्द मी लगेच विसरले.

पण खरी गंमत पुढेच झाली. गंमत कसली, फजिती. दुपारी काढलेलं रक्त नळीत कमी भरलं म्हणून लॅबनं तपासलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त काढून पाठवलं, आणि त्याचा रिपोर्ट चांगला आला. रक्त व्यवस्थित गोठतंय! येणारच की. रात्रभरात माझ्या सुईनं आपलं काम केलं होतं. पोर वाचली, आणि गयाबाई ज्यानं सुटली असती तो पुरावा मीच धुऊन टाकला.

काझी मॅडम रिपोर्ट हातात घेऊन माझ्याकडे आल्या.

"सुईच्या आधीचं रक्त मिळालं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "ही पोर जशी सावरली, ते बघून मला अजून वाटतं की हे केच्या कमतरतेचंच आहे. गळ्याला, बरगड्यांना, कुठंही मार नाही. सिस्टर, एकदा आठवून सांगा. कार्डावरचं नक्की ना?"

त्यांचा आवाज अगदी मऊ होता. त्यांनी दार उघडून धरलं होतं, मला नुसतं पाऊल टाकायचं होतं.

"नक्की मॅडम," मी म्हणाले. "माझ्या हातानं दिलीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहून निघून गेल्या. पहिल्या दिवशी मी गप्प बसले, ती चूक म्हणा हवी तर. हे मात्र खोटं होतं, चक्क तोंडावर बोललेलं.

दुपारी हवालदार गयाबाईला घेऊन आला. जबाब सिव्हिलच्या चौकीत घ्यायचा होता. ती बाहेरच्या बाकावर पदर घट्ट लपेटून बसली होती. मला बघितल्याबरोबर उठली.

"सिस्टर, लेकरू कसंय वो?"

"बरंय आता."

"दूध पितंय?"

"पितंय."

"मग झालं माय." ती खाली बसली. मग हळूच म्हणाली, "हे हवालदार म्हणतेत, माझ्या झोक्यानं डोळ्यात रगत आलं. खरं हाय का?"

म्हटलं, "डॉक्टर तपासतायत."

"न्हाई, मी इचारलं हवालदारास्नी. दुसरं कशानं होतंय का म्हणलं. तर म्हणले, एक सुई असती, ती दिली नसली तर होतंय. मग म्या म्हणलं, आमच्या सिस्टर हैत, सुई ऱ्हायचीच न्हाई." तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघितले. "मंग माझ्याच हातानं झालं आसंल. तुमी मला किती डाव सांगितलं, उलटं धरू नका गयाबाई. म्या हसण्यावारी नेलं."

"गयाबाई..."

"चाळीस वर्सं झाली सिस्टर. शेवंताचं पोरगं दीड वर्साचं होऊन गेलं, त्येला झटके येत हुते. त्ये बी माझंच आसंल का? सोनारणीची ती पोर, जिला दिसत न्हाई..." ती एकेक नाव घ्यायला लागली. मेलेली, अधू झालेली, गावातली सगळी लेकरं ती आपल्या हातांवर घेत होती. मी तिथून उठले. "इंजेक्शनची वेळ झाली" म्हणून उठले. कुणाच्याही इंजेक्शनची वेळ झाली नव्हती.

केस पुढे चालली नाही. भागवतनं पोलिसांना स्पष्ट सांगितलं, "आमची कुणावर तक्रार न्हाई. ह्या म्हातारीनं मलाबी न्हाऊ घातलंय." गयाबाईला सोडून दिलं. ओवी अठरा दिवसांनी घरी गेली. डोळ्यातलं रक्त तीन-चार महिन्यांत विरलं. डाव्या डोळ्यानं तिला जरा कमी दिसतं, चष्मा आहे, पण बाकी ठणठणीत. मी स्वतःची समजूत घातली की, चला, सगळे सुटले. आता सांगून कुणाचं काय भलं होणार आहे?

फक्त गयाबाईनं त्या दिवसापासून एकाही लेकराला हात लावला नाही. लोक बोलवायला यायचे, ती हात जोडायची. बायका फार आग्रह करायला लागल्या की म्हणायची, "माझ्या हाताला पाप हाय." पोटापाण्याला मग ती लोकांच्या शेतात खुरपायला जायला लागली, त्या वयात. रस्त्यानं मी दिसले की थांबून ओवीची चौकशी करायची. मी घाईत असल्यासारखं करायची.

तीन वर्षांनी कालिंदाला मुलगा झाला. आमच्याच केंद्रात. केची सुई मी त्याला त्याची नाळ कापून होते न होते तोच दिली, आणि त्यानंतर कार्ड हातात घेतलं. ओळीनं खुणा करणं मी केव्हाच सोडलं होतं. पाचव्या दिवशी कालिंदा म्हणाली, "सिस्टर, माझी एक विच्छा हाय. ह्येला गयामायनंच न्हाऊ घालावं. आमच्या मनात तिच्याबद्दल काही न्हाई. ओवी बरी झाली न्हवं? पण ती ऐकत न्हाई. तुमी सांगा तिला. तुमचा शब्द ती मोडायची न्हाई."

त्या संध्याकाळी मी गयाबाईच्या घरी गेले. ती दारात तूर पाखडत बसली होती. मला बघून गडबडली, पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी पाणी तसंच खाली ठेवलं. आता बोलले नाही तर कधीच बोलायची नाही, हे मला कळत होतं.

"गयाबाई, मी सांगते ते नीट ऐका. ओवीला तुमच्या हातानं काही झालं नव्हतं. तिला मी ती सुई दिलीच नव्हती. राहिली माझ्याकडून. ते रक्त त्यामुळं आलं. आणि मी सगळ्यांशी खोटं बोलले. तुमच्याशी बोलले, डॉक्टरांशी बोलले. तुम्ही निर्दोष आहात."

तीन वर्षं घोकलेलं मी एका दमात ओकून टाकलं. ओरडेल, रडेल, तोंडावर थुंकेल, सगळ्याला तयार होऊन गेले होते. गयाबाईनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी कीव आली.

"लई मोठं मन हाय तुमचं सिस्टर," ती म्हणाली. "कालिंदानं धाडलं ना? म्हातारीला बरं वाटावं म्हणून आसं सोताच्या अंगावर घेऊ ने."

"अहो, खरं सांगतेय मी! तुमच्या पायाची शपथ!"

"कार्डावर हुतं की."

"कार्डावर मीच खोटी खूण केली होती."

ती चक्क हसली, लहान पोराला समजवावं तशी. "कार्डावरचं खोटं कसं आसंल बाई? तुमीच तर सांगितलं समद्या गावाला, कार्ड म्हणंल त्ये खरं. पंधरा वर्सं सांगितलं. मला वाचाय येत न्हाई, पर यवढं समजतंय."

मी पुन्हा सांगितलं. तीन कुप्यांचं सांगितलं, नाही, दोन कुप्यांचं. किल्लीचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं. रडले. जितकी रडले तितकी तिची खात्री होत गेली की ही बाई आपल्यासाठी खोटं बोलतेय. शेवटी तिनं माझ्या डोळ्यांना आपला पदर लावला.

"आसं करू," ती म्हणाली. "कालिंदाचं मन मोडाय नको. उद्या मी येते तिच्या घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर बसली, आणि दोन्ही हात पदराखाली बांधून घेतले. कालिंदानं बाळ तिच्याकडे पुढं केलं, तर तिनं मान माझ्याकडे वळवली.

"माझ्याकडं न्हाई. सिस्टरकडं दे. त्येंच्या हातानं तुझी ओवी वाचली, त्येंच्या हाताला यश हाय."

कालिंदा माझ्याकडे बघायला लागली. सत्य सांगायला माझ्याकडे आता तोंडच उरलं नव्हतं. मी पाय लांब करून बसले आणि बाळ पायांवर घेतलं. गयाबाई बाहेरून सांगत होती, "पाणी जरा ऊन घ्या. मानेखाली हात ठेवा. आता तेल. सावकाश, सिस्टर, सावकाश." मी ती सांगेल तसं करत राहिले.